मानेला हात लावण्याआधी

आजच्या वर्गाचा विषय आहे मानेवर हातांनी करायच्या उपचाराची तंत्रं. ती सांगेनच. पण त्याआधी एक गोष्ट, जी तुमच्यासारख्या रोज हातांनी उपचार करणाऱ्यांसमोरच बोलावीशी वाटते. मान दुखते म्हणून आलेल्या माणसाच्या मानेला आपण फार लवकर हात लावतो.

येवल्याचे एक पैठणी विणकर माझ्याकडे यायचे. पन्नाशीचे. मान डावीकडे वळेना. मी तेव्हा नवी होते, अंगठ्यांत जोर होता. तीन वेळा मन लावून मान दाबली. चौथ्यांदा ते म्हणाले, “ताई, सांजपर्यंत बरं वाटतं, सकाळी पुन्हा तेच.”

मग एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले. खड्ड्याचा माग, पाय खाली, मान पुढे. पदरावर मोर चालला होता. अशा वेळी वेगवेगळ्या रंगांच्या तिल्ल्या, म्हणजे धाग्याच्या छोट्या कांड्या, बोटांनी एकेक करून ताण्याच्या उभ्या धाग्यांतून ओवाव्या लागतात. दुपारभर शेजारी बसले, दोनदा चहा झाला. (तुमचा पेशंट काम करतो ती जागा एकदा तरी पाहा. शंभर प्रश्न विचारून कळत नाही ते तिथे दिसतं.) तासाभराने लक्षात आलं, तिल्ली ओवताना ते श्वास रोखून धरतात. सोडला तरी छातीचा वरचा भाग खाली येतच नाही. आता आठवा, स्केलीन स्नायू मानेच्या मणक्यांपासून निघतात आणि पहिल्या दोन बरगड्यांवर उतरतात. हे आखडलेले राहिले की बरगड्या वर आणि मान खाली, दोन्हीकडून ओढ. मी मात्र वरचं टोक दाबत बसले होते.

पुढच्या खेपेला पाऊण तास मानेला स्पर्शही केला नाही. छाती, बगलेखालची बाजू, गळपट्टीच्या हाडाखालचा भाग. मान शेवटची दहा मिनिटं. ते उठून बसले, डावीकडे वळून पाहिलं आणि म्हणाले, “ताई, इथनं माझी चप्पल दिसते की!”

हा शोध माझा नाही. आयडा रॉल्फ (१८९६–१९७९) मूळच्या जीवरसायनशास्त्रज्ञ, कोलंबिया विद्यापीठाच्या १९२०च्या डॉक्टरेट. हातांनी शरीर सैल करून सरळ करायची आपली ही पद्धत त्यांची. त्यांच्या दहा सत्रांच्या क्रमात मान आणि डोकं येतं सातव्या सत्रात. प्रत्येक सत्राच्या शेवटी मानेचं थोडं काम असतंच, पण मुख्य काम श्वास, पावलं, कुशी, पोट, पाठ यांच्यानंतर. हा क्रम आपल्याला पाठ असतो, आणि पेशंटने मानेकडे बोट दाखवलं की आपण तो मोडतो.

आता सगळ्यांनी डोळे मिटा. बोटं कवटीच्या काठाखाली. डोकं स्थिर. मिटल्या डोळ्यांनीच नजर डावीकडे, उजवीकडे. बोटांखाली हललं ना काही? हे सबऑक्सिपिटल स्नायू, नुसती नजर फिरली तरी जागे होतात. टेबलावरचा माणूस छताचा पंखा न्याहाळत असेल तर तिथे दाबून काय सुटणार? आधी त्याचे डोळे निवू द्या.

बोलायला दहाच मिनिटं राहिली म्हणताहेत. भरभर सांगते.

कवटीखाली बोटं रोवायची नाहीत, नुसती उभी ठेवायची. डोकं साडेचार-पाच किलोचं असतं, ते आपल्या वजनानं बोटांवर उतरतं. मानेच्या बाजूचा, कानामागून गळपट्टीच्या हाडाकडे येणारा मोठा स्नायू चिमटीत उचलायचा, खाली दाबायचा नाही, कारण त्याच्या खालून कॅरोटिड धमनी जाते. दोन्ही बाजू एकदम दाबल्या तर माणसाला भोवळ येऊ शकते. स्केलीनवर उच्छ्वासाबरोबर उतरायचं. हाताला मुंग्या आल्या तर बोट मज्जातंतूंवर आहे, सरका. वळवायचं काम माणसाकडेच द्या, त्यानं सावकाश मान फिरवावी, आपला हात फक्त सोबत.

आणि “ताई, एकदा कडकन वाजवून द्या,” म्हणणाऱ्यांना नाही म्हणा. सलूनमध्ये मान मोडून देतात ते पाहून माझा जीव वर येतो. मेंदूकडे जाणारी एक धमनी मानेच्या सहाव्या मणक्यापासून वर मणक्यांच्या भोकांतून जाते, झटक्यानं ती फाटू शकते. चक्कर, एकाचे दोन दिसणं, जीभ अडखळणं, गिळायला त्रास, यातलं काहीही दिसलं तर हात काढा आणि थेट रुग्णालयात पाठवा. रूमॅटॉइड संधिवात असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मानेला हात लावू नका.

चला, जोड्या करा. श्वास कुठे अडतो ते आधी बघा. पहिली पंधरा मिनिटं जोडीदाराच्या मानेला कुणीही हात लावायचा नाही.