दुपारी बारा ते चार

मंडळी, पत्रिकेत ‘उष्माघात आणि डिलिव्हरीवाली मुलं’ असं छापलंय, त्यामुळे मी पाणी प्या, दुपट्टा बांधा असं सांगून खाली बसेन असं वाटलं असेल. पाणी प्यायलाच पाहिजे हो, पण मला सांगायचंय ते वेळेबद्दल. आपल्या विदर्भात शेतावरचा माणूस मे महिन्यात पहाटे कामाला लागतो न् दुपारी झाडाखाली टेकतो, बाजारातली निम्मी शटरं खाली असतात, नवतपा सुरू झाला की आपण लग्नाची खरेदीसुद्धा संध्याकाळवर ढकलतो. सगळ्यांनी आपापली वेळ बदलून घेतली, एकट्या डिलिव्हरीवाल्याला ती बदलता येत नाही, कारण त्याचं घड्याळ ॲपमध्ये आहे. दुपारी आईस्क्रीम कोण कोण मागवतं? हात वर करा बघू. मागच्या रांगेतले हात लगेच खाली गेले, मला दिसतंय!

आता आमच्या सोसायटीचं सांगतो. गेटवर पाटी, ‘डिलिव्हरी बॉयनी लिफ्ट वापरू नये’. मे महिना, एका पोराने चौथ्या मजल्यावर वीस लिटरचा पाण्याचा जार आणला, जिन्याने. दार उघडलं तर ओटीपी विचारायचा सोडून तो नुसता बघतोय, बोलणं जड, काहीतरी भलतंच बडबडतोय, अंगावर कंपनीचा पॉलिस्टरचा टीशर्ट चिकटलेला. शेजारच्या वहिनी म्हणाल्या प्यायलाय वाटतं. अहो प्यायला नव्हता, डोक्यात ऊन गेलं होतं! आत घेतलं, कूलरसमोर आडवा केला, बादलीभर पाणी अंगावर ओतलं, आणि तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजतोच आहे, पुढची ऑर्डर. गंमत बघा, तोच फोन बाईकच्या होल्डरला उन्हात तापला की स्क्रीनवर वॉर्निंग देऊन स्वतः बंद पडतो, कंपनीही त्याला काही म्हणत नाही. पोरगा सावध झाल्यावर पहिलं काय बोलला, तर ‘काका, ऑर्डर कॅन्सल तर नाही ना झाली?’

मग मी जनरल बॉडीत विषय काढला. खजिनदार म्हणाले लिफ्टचा मेंटेनन्स वाढतो, कुणी म्हणालं सेफ्टीचं काय, कुणी म्हणालं आधी पार्किंगचा प्रश्न घ्या, मग उपसमिती, मग उपसमितीचा अहवाल, तोवर पाऊस सुरू झाला. आपल्याकडे आजोबा-पणजोबांच्या नावाने पाणपोया घालायची रीत होती ना, आणि आपण त्याच गावचे लोक चौथ्या मजल्यावर जिन्याने पाणी मागवतो! मला याचा अजून राग येतो. शेवटी पुढच्या उन्हाळ्यात गेटपाशी हिरवी नेट, बाकडं, दोन माठ आले, आणि त्यानंतर खूप भांडून लिफ्ट.

(अध्यक्ष घड्याळ दाखवतायत, आवरतो.) मुद्दा असा, की आपल्या कातडीचं तापमान साधारण ३५ अंश असतं, हवा ४४-४५ ला गेली की बाईकवरचा वारा अंगाला गार करत नाही, उलट तापवतो, मग फक्त घामाचा आधार उरतो. तासाला लिटरभर घाम सहज जातो, त्याबरोबर मीठही. म्हणून ओआरएस, ताक, पन्हं. खिशातला कांदा राहू द्या हवा तर, पण भरवसा पाण्यावर ठेवा. आणि मुंबईकडच्यांनो, दमट हवेत घाम वाळतच नाही, खारघरला एप्रिल २०२३ मध्ये पारा चाळिशीच्या खाली होता तरी महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला आलेली १४ माणसं गेली.

उपाय भरपूर आहेत. कुवेतमध्ये उन्हाळ्यात सकाळी ११ ते ४ बाईकवरून डिलिव्हरीला बंदी असते. दुबईत रायडरसाठी एसी थांबे आहेत, चेन्नई महापालिकेने २०२५ मध्ये तसे केले. अहमदाबादने २०१० च्या लाटेनंतर २०१३ मध्ये हीट ॲक्शन प्लॅन, म्हणजे उष्णतेच्या लाटेत काय करायचं याचा आराखडा, केला. राजस्थानने २०२३ मध्ये गिग कामगारांसाठी, म्हणजे ॲपवरून काम घेणाऱ्या अशाच पोरांसाठी, कायदा केला. आपल्याकडे मागणी एवढीच, की हवामान खात्याचा रेड अलर्ट असला की १२ ते ४ मध्ये ॲपने वेळ वाढवून द्यावा, थांबलेल्याचा इन्सेंटिव्ह कापू नये, रेटिंग पाडू नये, थांबल्याचे काहीतरी पैसे द्यावेत. पैसे कापले तर कोण थांबेल? आणि नवीन भरती झालेल्या पोराला पहिला आठवडा-दोन आठवडे भर दुपारी कमी काम द्या, शरीराला उन्हाची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच.

हे लिहूनच घ्या. कुणी उन्हात बरळायला लागला, झोकांड्या द्यायला लागला, तर १०८ लावा आणि गाडी येईपर्यंत वाट बघू नका. सावलीत घ्या, हेल्मेट, बूट, जाडे कपडे काढा, अंगभर पाणी ओतत राहा, पंखा मारा, मान, काखा, जांघेत बर्फ. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. आणि पॅरासिटामॉल देऊ नका, हा ताप त्याने उतरत नाही.