कोरडा ठिपका

नमस्कार श्रोतेहो.

खोगीर उतरवलं की आधी घोड्याची पाठ बघायची, ही सवय मला दहाव्या वर्षी घोड्यांची देखभाल करणाऱ्या एका मोतद्दारकाकांनी लावली. ओल्या पाठीवर मधेच तळहाताएवढा कोरडा ठिपका दिसला आणि तिथे बोट लावताच घोड्यानं अंग चोरलं, तर खोगीर तिथे दाबतंय. सततच्या दाबाखाली घाम येत नाही. दुर्लक्ष केलं तर पुढे तिथले केस पांढरे उगवतात.

नोकरी सांभाळून तीस वर्षं पुण्यात मी हौसेनं घोड्यावर बसले. आज घोड्यांचं सामान डिझाइन करून घर चालवते, त्याचं मूळ त्या ठिपक्यात आहे.

माझी घोडी भीमथडी, आपल्या भीमा खोऱ्यातली. २०२४ साली या जातीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा मी पेढे वाटले होते. अंगानं आटोपशीर, पाठ आखूड. बाजारातली खोगिरं मात्र उंच घोड्यांच्या मापाची. खोगिराचा भार शेवटच्या बरगडीच्या मागे जाऊ नये. तिच्यावर तो जात होता. शेवटी लवचिक पट्टी तिच्या पाठीवर दाबून आकार घेतला, कागदावर उतरवला आणि नमदा, म्हणजे खोगिराखालचा जाड लोकरी थर, कापला. तो छान बसला. तंग, म्हणजे पोटाखालून खोगीर आवळणारा पट्टा, मात्र चुकला. बक्कल नेमकं कोपराच्या मागे आलं आणि तिची कातडी सोलली. आठ दिवस रोज मलम लावताना तिची माफी मागत होते.

‘खोगीरभरती’ हा शब्द आपण निरुपयोगी भरण्यासाठी वापरतो, तो मला फार टोचतो. खोगिराच्या गादीत लोकर कुठेही गोळा न होता सारखी भरणं, याहून अवघड काम या धंद्यात नाही. रिकिबीच्या, म्हणजे स्वारानं पाय ठेवायच्या कडीच्या, वादीवर माणसाचा जीव असतो, म्हणून ती हातानंच शिवते: एक दोरा, दोन सुया. एक टाका तुटला तरी शेजारचे धरून ठेवतात.

पुण्यात शर्यतींचा हंगाम पावसाळ्यात. दुरुस्त्या तेव्हाच येतात आणि चामड्याला बुरशीही तेव्हाच. उरलेल्या चामड्याचे पट्टे, पिशव्या करते. खरं सांगायचं तर महिन्याचं भाडं त्यांच्यावरच निघतं.

सध्या दौंडकडच्या एका मेंढपाळदादांच्या घोडीसाठी नमदा कापते आहे. तिच्यावर स्वार नसतो. बिऱ्हाड असतं, भांडी असतात, दमलेली कोकरं असतात. दोन्ही बाजूंचं ओझं रोज बदलतं. गादी दोन तुकड्यांत करून बघितली, अजून डावीकडे सरकते. रविवारी पुन्हा माप घ्यायला जाणार आहे.