टॅलिस्मन: बेडूक झालात तरी डाव मोडता येत नाही

नमस्कार मंडळी! सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या खोलीतून बोलतोय. मागनं शिट्टी ऐकू आली तर ती शेजारच्यांच्या कुकरची, तिला इलाज नाही.

[खोका कॅमेऱ्यासमोर धरतो]

हा बोर्डगेमचा खोका बघा. कोपरे फुगलेत, आतली पत्ती एकमेकांना चिकटून वीट झालीय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा हा माझ्या मित्राकडे होता. मारुती चौकाजवळ, तळमजल्यावर, खालच्या कप्प्यात. त्या रात्री म्हातारी माणसं, सिलिंडर, घराची कागदपत्रं वर न्यायची, का खेळ? त्यामुळं आम्ही आता हाच गेम फोनवर खेळतो.

गेमचं नाव टॅलिस्मन. रॉबर्ट हॅरिस यांनी रचला, इंग्लंडच्या गेम्स वर्कशॉपनं १९८३ साली बाजारात आणला. पट चौकोनी. बाहेरच्या वेढ्यात २४ घरं, मधल्यात १६, आतल्यात ८, आणि बरोबर मध्यात एक मुकुट. खेळायला १४ पात्रं आहेत: योद्धा, चेटकीण, साधू, चोर असली. फासा एकच. पडेल तेवढी घरं जायचं. डावीकडं का उजवीकडं, एवढंच तुमच्या हातात. पोचलात की बहुतेक घरांवर गठ्ठ्यातलं पान उचलायचं. त्यात तलवार निघेल, सोबती निघेल, नाहीतर ड्रॅगन निघेल.

लढाई म्हणजे तुमची ताकद अधिक तुमचा फासा, समोरच्याची ताकद अधिक त्याचा फासा. ज्याची बेरीज मोठी तो जिंकला. अंगात ताकदीऐवजी बुद्धी जास्त असली तरी बिघडत नाही, भुताखेतांशी तिच्याच जोरावर लढतात. मारलेल्या शत्रूंची पानं साठवायची, त्यांची ताकद मिळून ७ झाली की ती मोडून आपली ताकद १ नं वाढवायची. म्हणजे भिशीच की! असं करत करत मधल्या वेढ्यात शिरायचं. तिथं जायच्या पुलावर सेंटिनल नावाचा पहारेकरी उभा, त्याची ताकद ९. सगळ्यात शेवटी आगीची दरी. तिथं टॅलिस्मन, म्हणजे ताईत, जवळ नसेल तर आल्या पावली परत. मुकुटावर पोचलेला गडी प्रत्येक पाळीला मंत्र टाकतो. फाशावर ४, ५ किंवा ६ पडले की बाकी सगळ्यांचा एकेक जीव कमी. इतर सगळे मेले की तो जिंकला.

आता बेडूक. पटावरच्या 'शहर' या घरातल्या चेटकिणीकडं गेलात आणि फाशावर १ पडला, तर ३ पाळ्या तुम्ही बेडूक. ताकद १, बुद्धी १, पाळीला एकच घर उडी. सोनं, तलवार, सोबती, सगळं तिथंच जमिनीवर पडतं आणि मागनं येणारा ते उचलून नेतो. तासभर जमवलेला संसार गेला! खोक्यावर खेळताना आमच्यात नेमका इथंच तंटा व्हायचा. "फासा पुस्तकाला अडून पडला, परत टाकणार." "माझ्या घोड्याला बेडूक लागू होत नाही." एकजण तर चहा आणायला म्हणून उठायचा तो येतच नसे.

नोमॅड गेम्सनं २०१४ मध्ये याची डिजिटल एडिशन काढली आणि हा रडीचा डाव बंद केला. फासा यंत्र टाकतं. नियम यंत्राला पाठ. बेरीज, जीव, मंत्र, कुठल्या घरावर कोण काय टाकून गेलं, सगळा हिशोब तेच ठेवतं. चौघांचा डाव टेबलावर संपायला दुपार जायची. आता जेवणाआधी एक उरकतो. माणसं नसतील तर यंत्राशीच खेळता येतं.

पण खरं सांगू का? हिशोब निघून गेल्यावर कळलं, यात डोकं फार लागत नाही. सोंगट्यांचाच भाऊ आहे हा. फासे वळले तर पौ बारा, नाहीतर बसा बेडूक होऊन. टेबलावर ते जाणवत नव्हतं, कारण अर्धा वेळ पत्ती लावण्यात आणि अर्धा भांडण्यात जायचा. त्यामुळं एकट्यानं यंत्राशी खेळलात तर चौथ्या डावाला कंटाळाल, माझ्याकडून लिहून घ्या. डोकं खाजवणारा गेम हवा असेल तर बुद्धिबळ खेळा की ओ.

चिडचिड होईल अशी एक गोष्ट: हा सारखा विचारतो. फासा वाईट पडला की नशिबाचं एक टोकन खर्चून परत टाकू का? मंत्र आता टाकू का? टेबलावर आपण नुसती मान हलवायचो, इथं दर वेळी बटण दाबा.

विस्तार, म्हणजे गेमचे जादा भाग, वेगळे विकत मिळतात. सगळे एकदम घेऊ नका. पहिला घ्यायचाच तर रीपर घ्या. त्यात कुणालाही चालीचा १ पडला की तो साक्षात मृत्यूची सोंगटी पटावर हलवतो, तीही मित्राच्या दिशेनं. हायलँड, डंजन हे पटाच्या कोपऱ्याला जोडायचे आणखी पट. खरे मांडले तर आमच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा उरत नव्हती. फोनवर बोटानं सरकवायचे.

आणि खेळायचं कसं, तर एकच फोन हातोहात फिरवत. चौघं, मध्ये परातीत भडंग, वर कांदा. ऑनलाइनही जमतं, पण समोरचा बेडूक झाला आणि त्याचं तोंड दिसलं नाही तर काय मजा?

[दारातून फोन पुढे येतो]

थांबा, माझी पाळी आली. शहरात आहे मी, चेटकिणीपाशी. टाकतो हां...

अरे! १. परत टाकायला नशीबही शिल्लक नाही. ए, माझ्या तलवारीकडं बघू नकोस, दोन घरं लांब आहेस तू अजून. आणि ते भडंग इकडं सरकव, तीन पाळ्या मला दुसरं काम नाही.