जेम्स हाँग आणि आमच्या नाटकातली नात

(लॉस एंजेलिसच्या मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, थोडे संपादित करून)

मंडळी, नमस्कार.

अध्यक्षांनी मला 'तंत्रज्ञान आणि आपली संस्कृती' असा विषय दिला होता. मी लगेच हो म्हणालो, कारण आपल्या मंडळात अध्यक्षांना नाही म्हणणाऱ्याला पुढच्या वर्षी अध्यक्ष करतात. पण त्या विषयावर मी आज बोलणार नाही. आमच्या घरी गणपतीपासून एक वाद पेटलाय, तो काही विझायचं नाव घेत नाही. त्यात तुमचाही थोडा हात आहे, म्हणून तो इथे घेऊन आलोय.

गणपतीतली एकांकिका तुम्ही पाहिलीत. आजोबा गावाहून येतात, नात इथली, तिच्या मराठीचा आनंदीआनंद. नात झाली होती आमची धाकटी. "आजोबा, झाडावर कावला बसला," म्हणाली आणि हॉल डोक्यावर घेतलात तुम्ही. मागून शिट्टीसुद्धा आली. मी स्टेजवरच होतो, नेहमीप्रमाणे तार घेऊन येणारा पोस्टमन. नाटक आजच्या काळातलं, मग तार कुठून आली, हे कोणी विचारत नाही. मला बिनसंवादाचं काम द्यायचं तर पोस्टमनच बरा, असं सांस्कृतिक समितीचं मत आहे.

परतताना गाडीत ती गप्प होती. ४०५ हायवेवर गाड्या तुंबल्या तेव्हा म्हणाली, "बाबा, मला कावळा म्हणता येतं. बाळ, शाळा, वेळ, सगळं येतं. तालमीत मी बरोबरच म्हणत होते. काका म्हणाले, कावला म्हण, नाहीतर लोक हसतील कशाला?"

तिची आई म्हणाली, "अगं, गंमत असते ती." ही आमची पहिली चूक. मुलगा सुट्टीला घरी आला होता, तो कानातली बोंडं काढून म्हणाला, "तुम्ही लोकांनी तिचा जेम्स हाँग केलात." मी विचारलं, "हा कोण आता?" त्यानं फोनवर फोटो दाखवला आणि मी म्हणालो, "अरे, हा तर आपला पाच-दहा मिनिटंवाला!"

म्हणजे बघा, चेहरा पाठ, नाव ठाऊक नाही. तुम्हीही ओळखता त्याला. 'साइनफेल्ड' या विनोदी मालिकेचा १९९१चा तो भाग आठवा. चिनी हॉटेलात तिघं टेबलासाठी ताटकळलेत आणि तो दारातला माणूस दर वेळी "पाच-दहा मिनिटं" म्हणतो. एका अपार्टमेंटमध्ये चौघं, एकच सोफा, डाळ कुकरला, आणि तो भाग पुन्हा लागला की आपण पुन्हा हसायचो. त्या माणसाला घरदार असेल, नाव असेल, हे आपल्या डोक्यातही आलं नाही. निळूभाऊ पडद्यावर आले की गावोगावच्या बायका बोटं मोडायच्या, पण निळू फुले हे नाव तरी त्यांच्या तोंडी होतं. हाँगला तेवढंही नाही.

मग मी वाचायला बसलो. जन्म १९२९चा, मिनिॲपोलिसचा. वडिलांचं चिनी औषधी वनस्पतींचं दुकान. लहानपणी काही वर्षं हाँगकाँगला शिकला, मग परत मिनेसोटा. घरच्यांना नाटकबिटक मंजूर नव्हतं, तेव्हा पोरगा काय झाला असेल? सिव्हिल इंजिनिअर! इथल्याच यूएससी विद्यापीठातून डिग्री, आणि नोकरी लॉस एंजेलिस काउंटीच्या रस्त्यांच्या खात्यात. आता बघा, निम्म्या हॉलच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. थांबा. हा गृहस्थ रजा टाकून, सिक लीव्ह टाकून शूटिंगला जायचा. मग एक दिवस नोकरीच सोडली. (मागून सुस्कारा आलेला ऐकू आला मला.)

१९५४ साली तो ग्राउचो मार्क्स या विनोदी नटाच्या टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत गेला आणि ग्राउचोच्या तोंडावर ग्राउचोची नक्कल करून आला. लोकांची पत्रांवर पत्रं आली. पुढच्याच वर्षी क्लार्क गेबल या बड्या नटाच्या चित्रपटात काम. झालं, असं वाटलं असेल त्याला. आणि मग सुरू झाली ती रांग: वेटर, खानसामा, धोबी, अफूवाला, खलनायकाचा माणूस, खलनायक. मिनिॲपोलिसला जन्मलेल्या माणसाला सांगायचे, इंग्रजी जरा मोडकं बोल. १९५७मध्ये चार्ली चॅन या चिनी गुप्तहेराची मालिका निघाली. चार्ली चॅन झाला जे. कॅरल नेश, आयरिश वंशाचा. हाँग झाला त्याचा थोरला मुलगा. बाप गोरा, मुलगा चिनी, आणि त्यात कोणाला काही खटकलं नाही.

काम मात्र त्यानं चोख केलं, हे मी मुद्दाम सांगतो. 'ब्लेड रनर' हा चित्रपट पुन्हा पाहा. बर्फागार प्रयोगशाळेत जाडजूड फरचा कोट घालून एक म्हातारा कृत्रिम डोळे घडवतोय. दोघं आत शिरतात, त्याच्या कोटाच्या नळ्या उपटतात, आणि तो गारठत, कुडकुडत सांगतो की मला काही माहीत नाही, मी फक्त डोळे करतो. काही मिनिटांचंच काम. पण त्याच्या आवाजातली थंडी आपल्या हाडांत शिरते. 'चायनाटाउन'मध्ये तो बटलर आहे. तिथे तर जवळजवळ नुसता उभा राहतो, तरी लक्ष जातं. पोस्टमन म्हणून मला त्याचा हेवा वाटला.

डोळ्यांवरून आठवलं. २०२३च्या फेब्रुवारीत स्क्रीन ॲक्टर्स गिल्डचा पुरस्कार 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स' या चित्रपटाच्या सगळ्या कलाकारांना मिळाला. त्यात हे आजोबा होते, चार दिवसांपूर्वी ९४ पूर्ण झालेले. ते माइकशी आले आणि सांगू लागले की मी आलो त्या काळात आमच्या मुख्य भूमिका गोरे नट डोळ्यांना चिकटपट्ट्या लावून करायचे. निर्माते म्हणायचे, आशियाई नट तेवढे चांगले नाहीत, त्यांच्यावर तिकीट खपत नाही. मग हात पसरून म्हणाले, आता बघा आमच्याकडे. सगळं सभागृह उभं राहिलं. आमच्या मुलानं हे सोफ्यावर बसून आम्हाला दाखवलं. बायकोच्या डोळ्यांत पाणी, माझ्याही. तेवढ्यात धाकटी म्हणाली, "त्यांना पण काकांनीच सांगितलं असेल, चुकीचं बोल म्हणून."

मी टीव्ही बंद केला.

मंडळी, अपू आठवतो ना? 'सिम्पसन्स' या कार्टून मालिकेतला भारतीय दुकानदार. ऑफिसात आपल्याला कोणी त्याच्या आवाजात हाक मारली की आपण घरी येऊन किती तणतणायचो! त्याला आवाज देणाऱ्या हँक अझेरिया या गोऱ्या नटानं २०२०मध्ये तो आवाज सोडला, तेव्हा आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेढे वाटायचेच बाकी होते. आणि त्याच ग्रुपवर आपण आपल्या एकांकिकेचा व्हिडिओ टाकला, नेमका कावल्याचा तुकडा कापून, वर हसून हसून रडणारे चेहरे. मीही टाकले. तीन.

यावर घरात दोन पक्ष आहेत. हिचं म्हणणं, तुलना उगाच चाललीय. हॉलिवूड परकं होतं, आपण घरचे. घरचे लोक लाडानं हसतात. मुलाचं म्हणणं, लाडानं हसता तर बरोबर बोलल्यावर का नाही हसलात? मला दोघांचंही पटतं, म्हणून दोघंही माझ्याशी बोलत नाहीत. आणि आपण दुसऱ्या बाजूनंही कमी नाही. "आमच्या बंटीला मराठी कळतं हो, बोलता येत नाही," हे आपण इतक्या कौतुकानं सांगतो की बंटीनं उद्या सलग दोन वाक्यं म्हटली तर आईबापांचीच पंचाईत व्हायची.

हाँग नुसता कुढत बसला नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १९६५ साली तो, माको, ब्यूला क्वो, सून-टेक ओ अशा आशियाई नटमंडळींनी मिळून याच लॉस एंजेलिसमध्ये 'ईस्ट वेस्ट प्लेयर्स' ही नाटक कंपनी काढली. सुरुवात चर्चच्या तळघरात. आपली मराठी शाळा कुठे भरते हे इथे कोणाला सांगायला नको. दिवसा स्टुडिओत मोडकं इंग्रजी बोलून पोट भरायचं आणि रात्री स्वतःच्या रंगमंचावर पूर्ण माणूस व्हायचं. ती कंपनी आजही चालू आहे. मी तिच्याबद्दल वाचत होतो आणि मनात सारखं येत होतं की आपलं मंडळ तरी दुसरं कशासाठी काढलं होतं? दिवसभर जीभ वळवून बोलणाऱ्या माणसाला शनिवारी संध्याकाळी सुटं बोलता यावं, म्हणूनच ना? मग त्याच जागी आपल्या मुलांना जीभ वळवायला लावणारे आपण कोण?

हाँगला हॉलिवूडच्या फूटपाथवरचा 'वॉक ऑफ फेम'चा तारा मिळाला तो २०२२च्या मे महिन्यात, वयाच्या ९३व्या वर्षी. तोही आपोआप नाही. डॅनियल डे किम या नटानं लोकांकडून वर्गणी काढली, ५५ हजार डॉलर. वर्गणी म्हटल्यावर आपले खजिनदार सावरून बसले. काळजी नको. मुद्दा वर्गणीचा नाही. ९३ वर्षं धीर धरायला माणूस टिकावा लागतो. माको २००६मध्येच गेले. आणि हाँग दुसरीकडे जाणार तरी कुठे होता? त्याला हॉलिवूड एकच होतं. आपल्या मुलांना कॉलेजात नाटकाचा क्लब आहे, मित्र आहेत, सगळं जग आहे. मंडळावाचून त्यांचं काय अडलंय? समोरच्या चार रांगा बघा. माझ्यासकट सगळी चांदी.

आता खरी अडचण सांगतो. पुढच्या एकांकिकेची संहिता माझ्याकडे आलीय. लेखक इथेच बसलेत, माझे मित्र आहेत, निदान आज सकाळपर्यंत होते. तिसऱ्या पानावर पुन्हा नात येते, पुन्हा मोडकं मराठी. समितीच्या बैठकीत मी म्हटलं, हे काढू या. सगळे तयार झाले. काढलं, आणि लक्षात आलं की आता नाटकात मुलांना कामच उरलं नाही. राहिलेली सगळी पात्रं पन्नाशीच्या पुढची, गुडघ्यांवर आणि ग्रीनकार्डावर बोलणारी. हाँग असल्या कामांना 'नाही' का म्हणत नव्हता, ते मला त्या रात्री कळलं.

मग ठरलं, नवीन भूमिका लिहू या. पंधरा वर्षांची मुलगी, इथली, नीट बोलणारी. आजोबा समोर बसलेत. ती काय म्हणेल? आम्ही सहा जण, चहाचे दोन राउंड झाले, रात्रीचे अकरा वाजले, आणि तिच्या तोंडी घालायला एक वाक्य सुचेना. कोणी म्हणालं, अभ्यासाचं काहीतरी बोलेल. कोणी म्हणालं, फोनवर असेल. सहापैकी पाच जणांच्या घरी त्या वयाचं पोर आहे.

संहिता समितीकडे महिनाअखेर द्यायचीय. कोणाला काही सुचलं तर जेवताना मला गाठा. मी श्रीखंडाच्या टेबलापाशी असेन, आणि पोरांना विचारून आलात तर आधी तुमचं ऐकेन.