पंधरा ऑगस्ट संपला, तिरंगा उतरवायचाच का?

नमस्कार. मागे दिसतेय ती आमची सिडकोतली बाल्कनी. गेल्या ऑगस्टमध्ये इथे तिरंगा लावला होता. सोळा तारखेला खालचे काका वर आले. "अगं, पंधरा ऑगस्ट झाला, आता उतरव. कायद्यात बसत नाही."

काका तळमळीनेच बोलत होते. त्यांच्या तरुणपणी नियम खरंच तसा होता. ठरावीक राष्ट्रीय दिवस सोडले, तर सामान्य माणसाला घरावर तिरंगा लावता येत नसे.

मग उद्योगपती नवीन जिंदल यांनी रायगढच्या, म्हणजे आताच्या छत्तीसगडमधल्या, आपल्या कारखान्यावर तिरंगा लावला. अधिकाऱ्यांनी हरकत घेतली. जिंदल दिल्ली उच्च न्यायालयात गेले, १९९५ मध्ये जिंकले. केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. दरम्यान २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता लागू झाली आणि दिवसांचं बंधन उठलं.

पण संहिता म्हणजे सरकारच्या सूचना, त्या बदलू शकतात. म्हणून मला मोलाचा वाटतो तो २३ जानेवारी २००४ चा निकाल. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं: मानाने तिरंगा फडकवणं ही नागरिकाची अभिव्यक्ती आहे, घटनेच्या कलम १९(१)(क) मधला मूलभूत हक्क आहे. आपण सभेत बोलतो, लेख लिहितो, त्याच हक्काने झेंडा लावतो. कुणी मेहेरबानी म्हणून दिलेली ही परवानगी नाही!

हक्काला मर्यादा आहेत. १९७१ च्या कायद्यानुसार ध्वजाचा अपमान केला, तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीवर ध्वज लावायचा मान काही पदांपुरताच. घरावर मात्र जुलै २०२२ पासून रात्रीही ठेवता येतो.

आता आपल्या नाशिकचं. ऑगस्टमधला पाऊस आणि वारा, आठवड्यात कडा उसवते. फाटका, विटलेला तिरंगा तसाच लटकत राहिलेला बघून मला फार वाईट वाटतं. तो लगेच उतरवा. निर्माल्यासारखा गोदावरीत सोडू नका, कचऱ्यात तर नाहीच. एकांतात, मान राखून, शक्यतो पूर्ण जाळावा, असं संहिता सांगते.

हे सगळं काकांना सांगितलं. ते खाली उतरले, रस्त्यावर उभे राहिले आणि ओरडले, "उभा टांगलायस ना? मग इथून बघताना केशरी डावीकडे हवा!"

बरोबर होतं त्यांचं. मी उलटा लावला होता. तेव्हाच नीट केला.