कल्चर नॉर्मल, मग जळजळ कसली?

नमस्कार मंडळी. लघवीला जळजळ झाली की घरोघरी एकच निदान, उन्हाळी लागलीय, पाणी पी भरपूर. आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर किंवा अँटिबायोटिकच्या एका कोर्सवर भागतंही. पण कधीकधी काय होतं, कोर्स संपतो, जळजळ तशीच, दर अर्ध्या तासाला बाथरूम, ओटीपोटात दुखणं, लघवीत रक्त, आणि कल्चरचा, म्हणजे लघवीत जंतू वाढतात का बघणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट बघावा तर जंतूच नाहीत! मग दुसरं अँटिबायोटिक, मग तिसरं. अहो, जंतूच नाहीत तर गोळी मारणार कुणाला?

अशा वेळी जे दुर्मीळ आजार डोक्यात ठेवावे लागतात त्यातला एक म्हणजे इओसिनोफिलिक सिस्टायटिस. 1960 साली पहिल्यांदा याची नोंद झाली. इओसिनोफिल म्हणजे ॲलर्जीत आणि जंतांच्या त्रासात पुढे येणाऱ्या पांढऱ्या पेशी, इओसिन नावाचा रंग टाकला की मायक्रोस्कोपखाली त्यांच्यातले दाणे लालगुलाबी दिसतात, म्हणून हे नाव. या पेशी लघवीच्या पिशवीच्या भिंतीत घुसून बसतात आणि भिंत सुजते, जाड होते. रक्तात त्या वाढलेल्या असतीलच असं नाही, त्यामुळे साध्या रक्ततपासणीवर विसंबून चालत नाही. दुर्बीण घातली तर कधी लाल चट्टे, कधी चक्क गाठ दिसते, कॅन्सरच वाटावा अशी, घरच्यांचं तर धाबंच दणाणतं. खरं काय ते बायोप्सीच सांगते.

आता किडनीचा काय संबंध? किडनीतून येणाऱ्या दोन नळ्या याच भिंतीतून तिरक्या आत उतरतात. भिंत जाड झाली की नळीचं तोंड आवळतं, लघवी वर तुंबते आणि किडनी फुगते. हे हळूहळू झालं तर कंबर दुखतही नाही बरं का, म्हणून जळजळ लांबली तर सोनोग्राफी करायचीच, पिशवीबरोबर किडन्याही बघायला सांगायच्या.

उपचार म्हणाल तर आधी कारण शोधायचं, एखादं औषध, एखादी ॲलर्जी, पोटातले जंत, सापडलं तर ते दूर करायचं. मग ॲलर्जीच्या गोळ्या, गरज पडली तर स्टिरॉइड, तेही डॉक्टरांच्या हिशोबाने, आणि गाठ मोठी असेल तर दुर्बिणीतूनच काढतात. लहान मुलांत हा आजार बऱ्याचदा आपोआप ओसरतो, मोठ्यांना मात्र बरं झाल्यावरही उलटू शकतो, त्यामुळे सगळं शांत असतानाही डॉक्टर तपासणीला बोलावतात. कंटाळा येतो, माहितीये, पण जायचं.