मेलच्या रस्त्यानं चॅट

(दृश्य: शिवाजी उद्यमनगर. लेथचा आवाज, टेबलावर काळवंडलेला कीबोर्ड.)

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑर्डर येते ती मेलवर. ड्रॉइंगची पीडीएफ, पर्चेस ऑर्डर, रिजेक्शनची तक्रार, सगळं मेलवर. आणि पाठोपाठ व्हॉट्सॲप: "मेल टाकलाय, बघा की जरा." दराची घासाघीस मग तिथंच. महिन्याभरानं काय ठरलं होतं हे बघायचं, तर दोन्हीकडं उकरत बसा.

(दृश्य: मोबाइलचा पडदा, जवळून.)

हे डेल्टा चॅट नावाचं ॲप. दिसायला नेहमीच्या चॅटसारखंच. पण मोबाइल नंबर मागत नाही. तुमच्या मेलच्या खात्यानं लॉगिन करा, 'पाठवा' दाबा. निरोप मेल होऊन निघतो. जातो एसएमटीपीनं, येतो आयमॅपनं; मेल पाठवायची आणि आणायची ही ठरलेली पद्धत. एसएमटीपी १९८२ सालचा. आयमॅपला १९९७ मध्ये 'आयडल'ची जोड मिळाली: नवा मेल आला की सर्व्हरच कळवतो, ॲपला सारखं विचारत बसावं लागत नाही. मेलवर चॅट जमते ती या जुन्या सोयीच्या जिवावर.

आता तेच खातं साध्या मेलबॉक्समध्ये उघडू. विषयाच्या जागी नुसती तीन टिंबं. आत एक फाइल. उघडली तर अक्षरांचा नुसता कालवा. मजकूर ओपनपीजीपी या सांकेतिक पद्धतीनं कुलूपबंद झालाय आणि किल्ल्यांची देवाणघेवाण दोन्हीकडच्या ॲपनी परस्पर उरकलीय. मेल कंपनीला मजकूर वाचता येत नाही. कुणी कुणाला, कधी पाठवलं, हे मात्र तिला दिसतं. सुरक्षिततेच्या गप्पांत ही गोष्ट हळूच गाळली जाते.

४ ऑक्टोबर २०२१. व्हॉट्सॲप जगभर सहाएक तास ठप्प. एका कंपनीचं बिघडलं आणि सगळ्यांची तोंडं बंद. मेलचं तसं नसतं. एकाचा सर्व्हर पडला तरी बाकीच्यांचे चालूच. २०२० मध्ये रशियाच्या दूरसंचार नियामकानं डेल्टा चॅटकडं वापरकर्त्यांची माहिती मागितली, तेव्हा बनवणाऱ्यांचं उत्तर सरळ होतं: आमचा सर्व्हरच नाही, द्यायचं काय?

(दृश्य: गोकुळ शिरगावच्या रस्त्यावर कास्टिंग भरलेला टेम्पो.)

अडचणी आहेतच. मोठ्या मेल कंपन्या लॉगिनला आडकाठी करतात, भराभर निरोप गेले की स्पॅम समजून अडवतात. म्हणून २०२३ पासून 'चॅटमेल' नावाचे खास सर्व्हर आले. खातं क्षणात उघडतं, निरोप झटकन पोचतो. पण ते कुलूप लावलेलेच निरोप बाहेर सोडतात. पुण्याच्या ज्या गिऱ्हाइकाकडं ॲप नाही, त्याला तिथून साधा मेल जातच नाही.

उद्यमनगराला सोयीचं आपलं जुनंच खातं. थोडं हळू चालेल. पण गिऱ्हाइकाला नवं काही घ्यायला सांगायचं नाही. त्याच्याकडं साधा मेल जातो, कुलपाविना. त्यानं नेहमीसारखं उत्तर दिलं, की ते इथं चॅटमध्ये, त्याच्या नावाखाली, ड्रॉइंगसकट.